मुरूम लागेपर्यंत

ज्या वर्षी आम्ही घराचे खड्डे खणायला घेतले, त्या वर्षी गावातून माणसं बाहेर पडत होती. कापसाला भाव नव्हता. वेचून आणलेला कापूस लोकांच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून पडलेला, त्याच्या खाजेनं घरातल्या बाया हैराण. कुणी पुण्याला गेलं, कुणी हैदराबादच्या बाजूला विटाभट्टीवर. घाटंजीच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीत लोक एकमेकांना 'कधी निघता' एवढंच विचारत. आमच्या गावाबद्दल बोलायला बाहेरून जे कुणी येत, ते मेलेल्या माणसांबद्दलच विचारत.

अशा वर्षी माझ्या आईनं ठरवलं, की आता पक्कं घर बांधायचं. याच गावात.

माझा भाऊ पुण्यात होता. दुकानातल्या फोनवर तो आईवर चिडला. गाव रिकामं होऊन राह्यलं आणि तू घर कायले बांधतेस, इकडं निघून ये, असं त्याचं म्हणणं. आईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, झाल्यावर पाहायला ये. मग रिसीव्हर दुकानदाराच्या हातात देऊन घरी आली.

आई बरीच वर्षं बांधकामावर घमेली वाहत होती. पांढरकवड्याच्या शाळा, दुकानं, हायवेवरचा एक पूल, अशा कितीतरी कामांचं काँक्रीट तिच्या डोक्यावरून गेलेलं. आमचं स्वतःचं घर मात्र गावाबाहेरच्या वस्तीतलं, मातीचं. आमच्याकडची जमीन काळी, कापसाची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर उभं असलेलं सगळं हलवून टाकते. जुलैत आमचं दार लागायचं नाही आणि मे महिन्यात भिंतीत हात जाईल एवढी भेग पडायची. आई त्या भेगेत चिंध्या कोंबायची, वरून शेणमाती लिंपायची. मी लहान असताना मला वाटायचं की सगळ्यांचीच घरं अशी दरवर्षी भरावी लागतात.

मी तेव्हा राळेगावकडचं सासर सोडून आईकडे परत आले होते आणि गावातली अंगणवाडी सांभाळत होते. वस्तीत आणि वस्तीबाहेरही माझ्यासाठी एकच शब्द होता: टाकलेली. मी प्रत्येकाला सांगायची की मला कुणी टाकलं नाही, मी निघून आले. फरक काय, असं लोक विचारत. मला तो फरक रोज सकाळी उठल्या उठल्या कळायचा.

घरासाठी जागा होती. माझे वडील गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होते, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर राबणारे गडी. त्या म्हाताऱ्या मालकानं जाण्याआधी त्यांच्या राबण्याच्या बदल्यात गावाच्या कडेचा एक तुकडा रीतसर त्यांच्या नावानं करून दिला होता. पुढं वडीलही गेले आणि जागा आईच्या नावावर आली. गावात त्या म्हाताऱ्याच्या दानतीचं फार कौतुक होतं. वस्तीतल्या माणसाला पांढरीवर, म्हणजे खुद्द गावठाणात, जागा दिली म्हणून आम्हीही त्याचं नाव आदरानंच घ्यायचो. इतकी वर्षं आम्ही तिथं फक्त जळणाच्या पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं, रचून ठेवत होतो.

जागेच्या पलीकडे त्याच मालकाचं शेत लागत होतं. आता ते त्याचा मुलगा करत होता. शेतात जायला त्याला पांधण होती, पण ती लांबून, नाल्याकडून फिरून यायची. म्हणून तो ट्रॅक्टर आमच्या जागेतून घालायचा. त्यानं कधी विचारलं नव्हतं, आम्हीही कधी अडवलं नव्हतं. घराची आखणी करतानासुद्धा आईनं त्याची वाट सोडूनच दुसऱ्या बाजूला घर धरलं. कायले कोणाच्या आडवं यायचं, असं तिचं म्हणणं.

मिस्त्री पांढरकवड्याचा होता. आईनं त्याच्या हाताखाली अनेक कामं केली होती. तो सायकलवर फळी आणि ओळंबा बांधून आला, त्यानं दोरी ताणली, चुन्यानं चौकोन मारले आणि एकच नियम सांगितला. मुरूम लागेपर्यंत खणायचं. काळी माती संपून पिवळट, खडकाळ मुरूम लागला की सब्बल, म्हणजे पहार, आवाज बदलते. तिथं थांबायचं, तिथं काँक्रीटचं फुटिंग, म्हणजे खांबाखालचा पाया, टाकायचं आणि त्यातून कॉलम वर काढायचा. मग वरची काळी माती कितीही फुगो की आकसो, घर तिच्यावर नसतंच, घर खालच्या मुरमावर उभं असतं. मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं. त्या शब्दाचं मात्र आईला हसू यायचं. "नाव पाहा कसं ठेवलं," ती म्हणायची. "फुटिंग. अन् सगळ्या घरात तेच एक फुटत नाई."

खणायला आम्ही दोघीच. वेचणी संपली होती, आईला दुसरं काम नव्हतं. मी अंगणवाडी उघडायच्या आधी आणि बंद झाल्यावर यायची. उन्हाळ्याची काळी माती वरून दगडासारखी. सब्बल मारली की ढेकूळ निघायचं आणि त्याच्या कडा फुटक्या विटेसारख्या धारदार. माझ्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. आई मला फावडं धरायची जागा बदलायला सांगायची आणि स्वतः खड्ड्यात उतरून माती वर फेकत राहायची. एकेक खड्ड्यात मुरूम लागत गेला. सब्बलेचा आवाज खरंच बदलायचा, ठक्क असा. तो ऐकला की आई वर न बघता म्हणायची, लागला.

शेताकडच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात मात्र तो लागेना. आईच्या डोक्याच्या वर खड्डा गेला तरी माती मऊच. त्यात राख होती, फुटके माठ होते, विटांचे तुकडे होते. मग सब्बल एका घडीव दगडाला लागली, त्याच्या शेजारी दुसरा, आणि ते दगड सरळ रेषेत नव्हते, वळत होते. मिस्त्रीनं खाली उतरून हातानं माती बाजूला केली, वर आला आणि बिडी पेटवली.

"ताई, हा कोना धोका देईन," तो म्हणाला. "ही विहीर आहे. बुजवलेली."

बातमी वस्तीत गेली आणि वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई काठी टेकत आली. ती माझ्या वडिलांची चुलत मावशी. तिनं खड्ड्याच्या काठावरून बराच वेळ खाली पाहिलं. मग ती बोलली ते कुणाला उद्देशून नव्हतं. ही वरची विहीर. ती लग्न होऊन या गावात आली तेव्हा हिला पाणी होतं. वस्तीतल्या बायांना तिच्या जवळ जायची मनाई. त्या तिकडे, बाभळीपाशी, मडकी घेऊन उभ्या राहायच्या. कुणी वरच्या आळीतली बाई आली आणि तिला दया आली तर ती लांबून पाणी ओतायची. नाही आली तर दुपारपर्यंत उभं राहायचं. पुढं नळयोजना आली, विहीर आटली, आणि मालकानं ती राख-कचऱ्यानं बुजवून टाकली. नक्की कुठं होती ते तीही विसरली होती.

एवढं बोलून तिनं काठी बाजूला ठेवली आणि खड्ड्यातल्या त्या घडीव दगडांकडं तोंड करून काठावर बसली, पाय आत सोडून. आम्ही म्हटलं, पडाल. ती म्हणाली, "बसू दे वं. इतके वर्षं उभ्याच होतो."

त्या दिवशी आम्हाला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे म्हाताऱ्या मालकानं वडिलांना जी जागा दिली, ती त्याला नको असलेली होती. कचऱ्यानं भरलेली विहीर त्यानं वरून माती पसरून माझ्या वडिलांच्या आयुष्याच्या बदल्यात देऊन टाकली होती, आणि त्यासाठी आम्ही त्याचं नाव आदरानं घेत होतो. दुसरी गोष्ट मिस्त्रीनं सांगितली. बुजवलेल्या विहिरीवर फुटिंग टाकता येत नाही, भराव बसतो आणि कॉलम खाली ओढतो. आता एक तर घर लहान करा, ती एक खोली सोडा. नाही तर सगळं घर पलीकडे सरकवा. पलीकडे म्हणजे ट्रॅक्टरच्या वाटेवर.

मी लगेच म्हटलं, लहान करू. आम्हा दोघींना एक खोली पुरते. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. अंगणवाडीत त्या शेतकऱ्याच्या घरचीही पोरं येत होती, गावात रोज त्याच लोकांसमोरून जायचं होतं, आणि मी आधीच गावाच्या तोंडी होते.

आई खड्ड्याच्या मातीवर बसून भाकर खात होती. घास गिळून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"त्यायची विहीर, त्यायची वाट," ती म्हणाली, "अन् लहान व्हायचं आपण?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं चुन्याच्या नव्या रेषा मारल्या. सगळ्या आमच्याच जागेत. फक्त आता त्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या ओलांडून पुढे गेल्या होत्या. काही खड्डे पुन्हा खणावे लागणार होते. आईनं खणलेले बुजवायला आणि नवे खणायला घेतले.

तो शेतकरी आला, चुन्याच्या रेषा पाहिल्या आणि आधी हसला. मग तो आईला समजावू लागला. ही वहिवाट आहे, वडिलांच्या वेळेपासूनची. दोन बायांना एवढं घर कशाला हवं, घरात ना नवरा ना पोरगा. गाव सोडून लोक चाललेत, उद्या तुम्हीही जाल, मग या भिंतींचं काय? आई खणतच होती. ती म्हणाली, पांधण आहे तुम्हाला. तो म्हणाला, पांधण लांब पडते. मग त्यानं आवाज चढवून ते म्हटलं, जे मला अजून तसंच ऐकू येतं. "माया बापानं दिली म्हणून तुमाले जागा भेटली. इसरू नका."

आई अंधार पडेपर्यंत खणत राहिली. सकाळी आम्ही आलो तर त्याचा ट्रॅक्टर आमच्या रेषांवर उभा होता. ट्रॉलीसकट, बरोबर त्या ठिकाणी जिथं दोन खड्डे यायचे होते. चालक नाही, किल्ली नाही. पुढचे कितीतरी दिवस तो तिथंच राहिला. तो शेतकरी येता-जाता लांबून पाहायचा. गावातले लोक त्या बाजूनं मुद्दाम चक्कर मारायला लागले. सरपंचाकडे गेले तर तो म्हणाला, आपसात मिटवा.

त्याच दिवसांत बाहेरगावाहून एक गाडी आली. आत कॅमेरेवाले लोक होते. शेतकऱ्यांच्या दुःखावर काहीतरी करायला आले होते. त्यांनी मला अंगणवाडीपाशी गाठलं आणि विचारलं, या गावात कुणाच्या घरी घटना घडली? मी सांगितलं की यंदा नाही. त्यांची निराशा झाली. परत जाताना गाडी आमच्या जागेपाशी थांबली. एकानं उतरून खड्डे पाहिले, कॅमेरा वर केला आणि आईला विचारलं, हे कशाचे खड्डे?

"घराचे," आई म्हणाली.

त्यानं कॅमेरा खाली घेतला. आमच्या खड्ड्यांचा फोटो कुणी काढला नाही.

मला वाटतं, त्या दुपारीच आईच्या डोक्यात ते आलं. ती ट्रॅक्टरभोवती फिरली, वाकून चाकाखाली पाहिलं, चुन्याची रेष कुठून जाते त्याची बोट दाखवून माझ्याकडून खात्री करून घेतली. आणि मग मोठ्या मागच्या चाकाच्या अगदी लगत, रेषेच्या आत, तिनं सब्बल मारली. मी म्हटलं, आई, ट्रॅक्टर पडेल. ती म्हणाली, आपण ट्रॅक्टरला हात नाही लावायचा. आपण आपला खड्डा करू.

मी उभी राहिले थोडा वेळ. मग फावडं घेतलं. ते फावडं उचलताना माझ्यातली कितीतरी दिवसांची भीती कुठं गेली ते मला कळलं नाही. आम्ही दोघी खणायला लागलो. वस्तीतल्या दोघी-चौघी बाया आल्या, त्यांनी न विचारता माती ओढायला घेतली. खड्डा कमरेपर्यंत गेला तेव्हा चाकाखालच्या मातीला बारीक चीर पडली.

कुणीतरी धावत जाऊन सांगितलं असणार. तो शेतकरी मोटरसायकलवर आला, उतरला आणि चाकाकडे पाहून त्याचा रंग उडाला. तो ओरडला नाही. म्हणाला, "ट्रॅक्टर उलटेल ना बाई."

आई खड्ड्यात होती. तिचं डोकं त्याच्या पायांच्या उंचीला आलं होतं. तिनं तिथूनच, मान वर करून, त्याला उत्तर दिलं. आजपर्यंत ती त्याला मालक म्हणायची. वडील म्हणायचे, म्हणून तीही.

"भाऊ," ती म्हणाली, "जागा आमची हाय. खड्डा आमचा हाय. ट्रॅक्टर तेवढा तुमचा हाय, तो घेऊन जा."

तो म्हणाला, वाट माझ्या बापाची आहे. तेव्हा मी बोलले. मला माझा आवाज इतका शांत येईल असं वाटलं नव्हतं. मी त्याला त्या कोपऱ्यातल्या विहिरीकडं बोट दाखवून सांगितलं, की आम्ही तुमची वाट सोडूनच घर धरलं होतं. तुमच्या वडिलांनी विहीर बुजवून ती जागा माझ्या वडिलांच्या नावानं केली. तिच्यावर घर उभं राहत नाही, म्हणून आम्ही इकडे सरकलो. "तुमच्या वाटेत तुमचीच विहीर आली," मी म्हटलं. "आमची भिंत नाही आली."

त्यानं कोपऱ्यावर जाऊन खाली पाहिलं. घडीव दगड उघडेच होते. त्याला ती विहीर माहीत होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या तोंडावर राग होता, आणि आणखी काहीतरी होतं. त्याच्याही घरात न विकलेला कापूस होता, त्याचंही त्या वर्षी बरं चाललेलं नव्हतं, ते मला ठाऊक होतं. पण ते ठाऊक असून मी खड्ड्यापासून बाजूला झाले नाही. त्यानं किल्ली लावली, ट्रॅक्टर हळूहळू मागं घेतला. चाक सुटलं तशी काठाची माती धसून आईच्या पायांवर पडली. तिनं ती फावड्यानं वर फेकली आणि पुढं खणायला लागली. संध्याकाळच्या आत त्या खड्ड्याला मुरूम लागला.

त्यानं एक गोष्ट मात्र केली. काँक्रीट कालवायचं मशीन ज्याच्याकडून येणार होतं, त्याला निरोप गेला. मशीनवाल्याला त्या शेतकऱ्याच्या घरचं पुढचं मोठं काम हवं होतं, म्हणून ठरल्या दिवशी तो आला नाही. खड्ड्यांत लोखंडी जाळ्या बसवलेल्या, कॉलमचे बार उभे बांधलेले, गिट्टी-रेती येऊन पडलेली. मिस्त्री म्हणाला, थांबावं लागेल. आई म्हणाली, मशीन नव्हतं तेव्हा पूल होत नव्हते काय?

ती वस्तीत गेली आणि घराघरात सांगून आली. ऊन चढायच्या आधी बाया जमल्या. शेतात काम नव्हतंच. कुणी घरचं घमेलं आणलं, कुणी फावडं. टिनाचे पत्रे जमिनीवर पसरले, त्यावर गिट्टी, रेती आणि सिमेंट कोरडं कालवलं, मधे आळं करून पाणी ओतलं आणि दोन्ही बाजूंनी फावड्यांनी उलटत राहिलो. मिस्त्री सतत म्हणत होता, पाणी कमी, पाणी कमी. हातोहात घमेली खड्ड्यापर्यंत जात होती. तो आत उभा राहून सळईनं कोचत होता, मधे हवा राहू नये म्हणून. पहिलं घमेलं टाकायच्या आधी त्या म्हाताऱ्या मावशीनं बुद्धवंदना म्हटली. आम्ही सगळ्यांनी तिच्यामागून म्हटली, हातात फावडी तशीच धरून. मग काम सुरू झालं ते शेवटचा खड्डा होईपर्यंत थांबलं नाही. माझे हात सिमेंटनं सोलून निघाले. बाया गाणी म्हणत होत्या, एकमेकींच्या सासरांची टिंगल करत होत्या, आणि त्यात माझ्या सासरचीही झाली. मी खूप हसले. गावात परत आल्यापासून पहिल्यांदाच.

पुढं बरेच दिवस आम्ही फुटिंगवर गोणपाट टाकून पाणी मारत होतो. आई एकेका बारला हात लावून हलवून पाहायची, तो हलायचा नाही, आणि ती पुढच्या बारकडे जायची.

घर लगेच झालं नाही. कॉलम उभे राहिले आणि काम थांबलं. पुढच्या वर्षी प्लिंथ, म्हणजे घराचं जोतं, झाली, पुन्हा थांबलं. वरून निघालेले बार गंजून लाल झाले. गावातली टवाळ पोरं त्यांना लोखंडी पऱ्हाट्या म्हणायची आणि विचारायची, बोंडं कधी लागतील? आई म्हणायची, लागतील. ती पुन्हा पांढरकवड्याला कामावर जायची, परत येताना कधी एखादी वस्तू आणायची, कधी नुसतीच यायची. विहिरीच्या जागेवर आम्ही काही बांधलं नाही, फक्त तिचे काही घडीव दगड वर काढून ठेवले. वस्तीतल्या बाया तिथं आल्या की तिच्या दगडांवर बसायच्या.

भिंती व्हायच्या आधीच आम्ही राहायला गेलो. कॉलमवर पत्रे टाकले, तीन बाजूंना तुराट्या विणून केलेल्या ताट्या उभ्या केल्या आणि चौथी बाजू तशीच उघडी, रस्त्याकडे. पहिल्या दिवशी आईनं चुलीवर भाकरी टाकल्या, अंबाडीची भाजी केली. आम्ही दोघी प्लिंथवर पाय पसरून जेवत होतो. तेवढ्यात तो शेतकरी पांधणीकडच्या लांबच्या वाटेनं निघाला, आणि त्या वाटेवर जायला त्याला आमच्या समोरूनच जावं लागत होतं. वस्तीतल्या बाया त्याच्या घरचं कुणी समोरून गेलं तर उठून उभ्या राहायच्या. आईही राहायची, सगळं आयुष्य. त्यानं आमच्याकडे पाहिलं. मीही आईकडे पाहिलं.

आईनं टोपल्यातली दुसरी भाकर घेतली, मोडली आणि अर्धी माझ्या ताटात टाकली.